गॅस संपत नाही, गळतो

सकाळी ८.००
नागपुरात मे महिन्यात गॅरेजचं शटर आठला वर गेलंच पाहिजे. अकरानंतर बॉनेटचा पत्रा चटके देतो आणि दुपारी पारा ४५ च्या घरात जातो. बारीक कामं उन्हाआधी उरकलेली बरी.

सकाळी ८.३०
पहिलं गिऱ्हाईक. “भाऊ, एसीचा गॅस संपला वाटते. मागच्याच उन्हाळ्यात भरला होता.”

हे वाक्य मी उन्हाळाभर ऐकतो. हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कंप्रेसर तो दाबतो, रेडिएटरपुढचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर सोडतो आणि गॅसचा द्रव होतो. एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताच दाब पडतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो द्रव उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो गाडीतल्या हवेतून ओढून घेतो. एसी थंडी तयार करत नाही, आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. तोच गॅस वर्षानुवर्षं बंद नळ्यांतून फिरत असतो. एका वर्षात संपला, म्हणजे कुठेतरी गळतोय.

गेज लावलं. इंजिन बंद असताना, ३० अंशांच्या हवेत, आर-१३४ए गॅसचा दाब शंभर पीएसआयच्या जवळ हवा. काटा चाळीसवर होता. टॉर्च घेऊन एकेक जोड पाहिला. कंडेन्सरच्या पाइपाजवळ धूळ बसून काळा, तेलकट डाग झाला होता. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही पाझरतं, म्हणून मी आधी डाग शोधतो. नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावला. दहा-बारा सेकंदांनी हरभऱ्याएवढा एक बुडबुडा फुगला. ओ-रिंग कडक होऊन चिरली होती.

सकाळी १०.००
नवी ओ-रिंग तेलात बुडवून बसवली आणि व्हॅक्यूम पंप अर्धा तास चालू ठेवला. पंपाने हवा तर निघतेच. शिवाय दाब इतका उतरतो की नळ्यांतलं पाणी न तापवताच उकळून वाफ होऊन जातं. ते आत राहिलं तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतं. पंप बंद करून दहा मिनिटं काट्यावर नजर ठेवली. हलला नाही. बॉनेटखालच्या स्टिकरवर ४०० ग्रॅम लिहिलं होतं. काट्यावर तोलून तेवढाच भरला. जास्त गॅसनेही कूलिंग कमी होतं.

दुपारी १२.३०
टॅक्सीवाले काका आले. “हायवेवर मस्त थंड, सिग्नलवर गरम हवा.” दुखणं त्यांनीच सांगितलं. गाडी पळते तेव्हा वारा कंडेन्सर थंड करतो, उभी राहिली की ते काम पंख्याचं. पंख्याची मोटर जळली होती. ती बदलली, कंडेन्सरमधली माती पाण्याने हलकेच धुतली. गॅसला हातही लावला नाही.

दुपारी ३.००
उन्हात तापलेली गाडी घेऊन एक ताई आल्या. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल, आकडा १६ वर. “२४ वर ठेवलं तर उशिरा गार होते ना?” नाही होत. गाडी तापलेली असताना २४ वरही यंत्रणा पूर्ण जोर लावते. सेन्सर आतलं तापमान आणि काचेवरचं ऊन मोजत असतात. आतली हवा २४ च्या जवळ आली की यंत्रणा ब्लोअर उतरवते आणि एका झडपेने हीटरची गरम हवा मिसळून तापमान धरून ठेवते. मी त्यांना दुसरं सांगितलं: आधी मिनिटभर काचा उघडून कोंडलेली गरम हवा जाऊ द्या, मग काचा लावून रिसर्क्युलेशन दाबा.

संध्याकाळी ५.३०
एका गाडीत डाव्या बाजूच्या मॅटवर पाणी. कूलिंग कॉइलवर हवेतला दमटपणा पाणी होऊन साचतो आणि खालच्या नळीतून रस्त्यावर ठिबकतो. ती नळी चोंदली होती. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढला, तर कडुनिंबाच्या पानांनी भरलेला. पावसाळ्यात काच धुकटते तेव्हाही हाच एसी कामी येतो: रिसर्क्युलेशन बंद, एसी चालू, हवा काचेवर. कोरडी झालेली हवा काच लगेच साफ करते.

रात्री ८.००
शटर ओढताना सकाळचा चाळीसवरचा काटा आठवतो. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. गळती तशीच ठेवून गॅस भरणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे आणि तो गॅस, दोन्ही हवेत सोडणं. म्हणून कोणत्याही गॅरेजमध्ये जा, तीन प्रश्न नक्की विचारा: गळती कुठे सापडली? व्हॅक्यूम किती वेळ दिला? गॅस किती ग्रॅम भरला? नीट काम करणाऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही.