प्रश्न पुळणीवर तपासताना

इंग्लंडमधील ए-लेव्हल भूगोलात स्वतंत्र क्षेत्र-अभ्यासाला २० टक्के गुण असतात. प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः ठरवायचा. खरी कसोटी तिथेच लागते. ‘किनाऱ्याची धूप’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. यॉर्कशायरच्या होल्डरनेस किनाऱ्यावर मॅपलटन गावाजवळ १९९१मध्ये समुद्रात दगडी बांध घातले. वाळू तिथे प्रामुख्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकते; म्हणून ती बांधाच्या उत्तरेला साचावी, ही अपेक्षा. मग बांधाच्या दोन्ही बाजूंच्या पुळणीच्या उंचीत किती फरक आहे, हा प्रश्न मात्र मोजून सुटतो. ओहोटीच्या वेळी, ठरावीक अंतरांवर, बांधाच्या माथ्यापासून वाळूपर्यंत टेप सोडून आकडे घ्यायचे. नोंदी गटाने घेतल्या तरी चालतात. विश्लेषण आणि निष्कर्ष ज्याचे त्यानेच लिहायचे. अपेक्षेला छेद देणारे आकडेही अहवालात हवेतच.