किण्व : धान्यापासून अल्पमोली सुराबीज आणि आसवारिष्टांचे संधान

आयुर्वेदीय भैषज्यकल्पनेत संधान कल्पनेचे स्थान अनन्यसाधारण आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात धान्य, फल, मूल, सार, पुष्प, कांड, पत्र, त्वक् आणि शर्करा अशा नऊ योनींपासून होणारी ८४ आसवे सांगितली, आणि त्यांत पहिला मान धान्यासवांना दिला. आज मात्र परिस्थिती अशी की, चूर्ण, क्वाथ, तैल, घृत स्वतः सिद्ध करणारे वैद्यही आसवारिष्ट म्हटले की बाजारातील बाटलीकडे वळतात. कारण विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : “संधान बिघडते.” महिनाभर वाट पाहून पात्र उघडावे आणि आत अरिष्टाऐवजी शुक्त मिळावे, हा अनुभव एकदोनदा आला की हौस संपते. द्रव्यांचा खर्च वाया जातो तो वेगळाच.

संधान बिघडण्याची कारणे अनेक असली तरी आमच्या मते त्यांतील पुष्कळशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, ते म्हणजे दुर्बल किण्व. आपण पात्र घृतभावित करतो, धूपन करतो, धातकी मोजून घालतो. परंतु संधान घडवून आणणारा जो सजीव घटक, त्याची तयारी करीत नाही. तो आपोआप येईल असे गृहीत धरतो.

प्राचीनांनी असे गृहीत धरलेले दिसत नाही. शार्ङ्गधरांनी मध्यमखंडाच्या दहाव्या अध्यायात सुरेचे प्रसन्ना, कादंबरी, जगल, मेदक असे उत्तरोत्तर घन होत जाणारे थर सांगून झाल्यावर सुराबीजाला किण्वक हे स्वतंत्र नाव दिले आहे. कौटिल्याने तर अर्थशास्त्राच्या सुराध्यक्ष प्रकरणात किण्वाचा पाठच दिला : कच्च्या किंवा शिजविलेल्या उडदाचा कल्क एक द्रोण, त्याहून तृतीयांशाने अधिक तांदूळ आणि मोरटादी द्रव्ये प्रत्येकी एक कर्ष. याच प्रकरणात कुटुंबवत्सल गृहस्थास औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा आहे, आणि अरिष्टांचे प्रमाण ठरविण्याचा अधिकार कौटिल्याने चिकित्सकांकडे सोपविला आहे. सुरेवर इतके कडक नियंत्रण ठेवणाऱ्या ग्रंथकाराने वैद्यावर टाकलेला हा विश्वास विचार करण्यासारखा आहे.

उडीद-तांदूळ हे वाचताच इडलीच्या पिठाची आठवण होईल. काही वैद्यमित्र तेच पीठ संधानात घालून पाहतात. तसे करू नये. आंबलेल्या इडलीच्या पिठात दुग्धाम्ल निर्माण करणाऱ्या जिवाणूंचे प्राबल्य असते. त्याने अरिष्ट आंबट होईल, सिद्ध होणार नाही.

धान्यकिण्वाची परंपरा आपल्या देशात अद्याप जिवंत आहे. सिक्कीममधील मर्चा, झारखंडमधील रानू किंवा बाखर, मणिपूरमधील हामेइ, हिमाचलातील फाब ही सर्व त्याचीच रूपे होत. सामान्यतः तांदळाचे पीठ स्थानिक वनस्पतींसह मळून त्याच्या वड्या थापतात, त्यांवर जुन्या वडीचे चूर्ण भुरभुरतात, गवतात किंवा नेच्याच्या पानांत झाकून ठेवतात व नंतर वाळवितात. या वड्यांत यीस्टसोबत बुरशीही असते, आणि ती असावीच लागते. कारण शिजलेल्या भातातील पिष्टाची प्रथम शर्करा करावी लागते व मगच तिचे मद्य होते. ही दोन्ही कामे एकच वडी करते.

आसवारिष्टांत मात्र शर्करा आधीच गुळाच्या व मधाच्या रूपाने उपस्थित असते. तेथे बुरशीची गरज नाही. हवे ते केवळ सशक्त यीस्ट, आणि तेही मोठ्या संख्येने. सशक्त का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कुटजारिष्टात शेष क्वाथ एक द्रोण व गूळ एक तुला आहे. आजच्या मानाने १२.२८८ लिटर क्वाथात ४.८ किलो गूळ. म्हणजे मिश्रणाच्या वजनात सुमारे २८ टक्के गूळच झाला! बिअरसाठी जे धान्याचे गोड पाणी करतात, त्यात शर्करेचे प्रमाण साधारण १० ते १२ टक्केच असते. इतक्या दाट गोडीत यीस्टच्या पेशींतील पाणी बाहेर खेचले जाते. त्यात कुटजत्वचेचे कषाय-तिक्त द्रव्य आणि पौष महिन्यातील थंडी यांची भर पडली की धातकीच्या फुलांवरून आलेले मूठभर यीस्ट दिवसेंदिवस निपचित राहते. तेवढ्या अवधीत दुसरे जीव शिरकाव करतात.

यावर उपाय म्हणजे यीस्टला प्रथम सौम्य गोडीत वाढवावे व नंतर औषधात सोडावे. परदेशांत घरगुती बिअर बनविणारे हौशी लोक हेच करतात. विकतचा माल्ट अर्क महाग पडतो म्हणून त्यांतील काटकसरी मंडळी मोड आलेल्या धान्यापासूनच हे पाणी काढतात. आपल्याकडे तर नाचणीला मोड आणण्याची कला प्रत्येक घरात आहे. जवही चालतात, परंतु अरिष्टे आपण ग्रहणीच्या रुग्णांना देतो, आणि त्यांत एखादा सिलिॲकचा रुग्ण असू शकतो. जवात ग्लुटेन असते, नाचणीत नसते. म्हणून आम्ही नाचणीच पसंत करतो.

नाचणी १२ तास भिजवून, मधे एकदा पाणी बदलून, ओल्या फडक्यात दोन दिवस बांधून ठेवावी. मोड चांगले दिसू लागले की पसरून वाळवावी, चोळून मुळ्या काढाव्यात व भरड दळावी. काळी-हिरवी बुरशी दिसल्यास सर्व टाकून द्यावे, निवडत बसू नये. भाजू मात्र मुळीच नये. बाजारातील नाचणी सत्त्व बहुधा भाजलेले असते व उष्णतेने त्यातील पाचक विकरे नष्ट झालेली असतात, म्हणून ते या कामी निरुपयोगी होय.

आता १०० ग्रॅम तांदळाच्या कण्यांची सव्वा लिटर पाण्यात मऊ पेज करावी. ती ६५ अंश सेल्सिअसपर्यंत निवाल्यावर तीत १५० ग्रॅम नाचणीची भरड मिसळावी. काही मिनिटांतच दाट पेज पातळ होऊ लागते. बालकांच्या खिरीत मोडाचे पीठ घालण्यामागेही हेच तत्त्व आहे. भांडे गोधडीत गुंडाळून किंवा उष्णतारोधक डब्यात दीड तास ठेवावे. तापमान ७५ अंशांवर गेल्यास विकरे मरतात, फार खाली आल्यास आंबट होण्याची भीती असते. दीड तासाने चमचाभर थंड करून त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा-काळा रंग आल्यास पिष्ट शिल्लक आहे असे समजून आणखी थांबावे. त्यानंतर गाळून १५ मिनिटे उकळावे आणि झाकून थंड करावे. सुमारे लिटरभर, अंदाजे १० टक्के शर्करेचे जल मिळते. खर्च म्हणाल तर पाव किलो धान्य आणि थोडे इंधन.

बीज कोणते घालावे? आमचा कौल पूर्वीच्या उत्तम सिद्ध झालेल्या अरिष्टाच्या तळाशी बसलेल्या गाळाला आहे. ते यीस्ट त्या गोडीला व त्या कषायतेला सरावलेले असते. मात्र महिनाभर मद्यार्कात राहून ते थकलेले असते, म्हणून अर्धी वाटी गाळ प्रथम १०० मिलि धान्यजलात उठवावा व फेस आल्यावर उरलेल्या जलात मिसळावा. पहिल्यांदाच करणाऱ्याने स्वच्छ निवडलेली धायटीची फुले घालून तीन-चार दिवस वाट पाहावी व वास शुद्ध असेल तरच पुढे जावे. बेकरीचे यीस्ट चालते का, असे पुष्कळदा विचारले जाते. चालते, ते त्याच कुळातील आहे. कोपेनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेन यांनी १८८३ मध्ये यीस्टचे एकपेशीय शुद्ध बीज वाढविले, तेव्हापासून विकतचे बीज वापरण्यात कमीपणा मानण्याचे कारण उरलेले नाही. तथापि ते निवडले गेले आहे पीठ फुगविण्यासाठी, दाट गुळाच्या क्वाथात महिनाभर टिकण्यासाठी नव्हे.

पहिले काही तास भांडे वरचेवर हलवावे, कारण संख्या वाढविण्यासाठी यीस्टला वायू लागतो. तोंडावर चौपदरी फडके बांधावे. बाटलीचे बूच घट्ट लावल्यास ती फुटेल. २८ ते ३० अंशांत २४ ते ३६ तासांनी फेस भरून येतो. मग याच अरिष्टाचा गूळ मिसळलेला कोमट क्वाथ तितकाच घालून १२ तास ठेवावे. दाट गोडीची व कषायतेची सवय या टप्प्यात लागते. घाईत हा टप्पा गाळला तर पुढील सारे श्रम अर्धवट फळतात. फेस ऐन भरात असताना हे किण्व संधानपात्रात ओतावे. द्रवाच्या विसाव्या हिश्श्याइतके पुरेसे होते, म्हणजे एका द्रोणास ६०० ते ६५० मिलि. उरलेले शीतकपाटात दोन-तीन आठवडे टिकते. विरजणाप्रमाणे ते पुढे चालवावे. शिरक्याचा किंवा नेलपॉलिशसारखा वास येऊ लागला की ती पिढी बंद करून नवी सुरू करावी.

इतके करूनही संधान सुरू न झाल्यास गुळाकडे पाहावे. हायड्रॉस पावडरीने पिवळाधमक केलेल्या गुळातील गंधकयुक्त अवशेष यीस्टला बाधक ठरू शकतात. काळपट, सेंद्रिय गूळ दिसायला बरा नसला तरी कामाला उत्तम.

धातकी वगळावी असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ती सूत्रातील औषधी द्रव्य आहे व तिचे प्रमाण तेच राहील. शास्त्रोक्त पाठात किण्व नसताना ते घालणे योग्य की अयोग्य, यावर मतभेद संभवतात. गाळ त्याच अरिष्टाचा असल्याने व धान्यजल अत्यल्प असल्याने पाठाला बाध येत नाही, असे आमचे मत आहे. कायद्याची बाजू निराळी. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधील ३३ ईईसी कलमाने स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्यास उत्पादन परवान्यातून सूट दिली आहे. परवानाधारक उत्पादकांनी मात्र हा बदल करण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाकडून खुलासा करून घ्यावा. आणि याच धान्यजलाची पिण्यासाठी बिअर करणे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याविना निषिद्ध आहे, हे आपल्या निर्माणशाळेतील मदतनिसांनाही सांगून ठेवावे.

किण्व घातलेल्या पात्रात आमच्याकडे हिवाळ्यातही बहुधा दुसऱ्या दिवशी सळसळ ऐकू येते. पात्रसंधी मात्र नेहमीप्रमाणे महिन्यानेच सोडावी, आणि तीही परीक्षा पाहून : कानास शब्द ऐकू न येणे, प्रक्षेपद्रव्ये तळाशी बसणे, पेटती काडी आत नेली असता न विझणे. काडी विझली तर पात्र पुन्हा बंद करून आठवडाभर थांबावे.