आफ्रिकेची वाट, वरठीचे पोलाद

हावडा–मुंबई लोहमार्गावर भंडारा रोड स्थानकात उतरलेल्या नवख्याला वाटते, भंडारा आले. प्रत्यक्षात तो वरठीत उभा असतो. भंडारा शहर अजून दहा-बारा किलोमीटर लांब. आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि त्यांच्या मधोमध सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. या कारखान्याचे मूळ शोधत गेले, तर वाट थेट पूर्व आफ्रिकेत पोचते.

मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकण्यासाठी ब्रिटिशांनी १८९६ ते १९०१ या काळात सुमारे ३२ हजार हिंदी मजूर करारावर नेले. बहुतेक परतले, काही हजार तिथेच राहिले. मागोमाग व्यापारी गेले. केनियातले सुपीक पठार गोऱ्यांसाठी राखीव, म्हणून हिंदी माणूस दुकानदारीत आणि पुढे कारखानदारीत शिरला. शाळाही वर्णाप्रमाणे वेगळ्या होत्या. तेव्हा आपल्या मुलामुलींसाठी या समाजाने वर्गणी काढून स्वतःच्या शाळा उभारल्या.

केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला. नागरिकत्व न घेतलेल्यांना १९६७ च्या कायद्यांनी कामासाठी आणि व्यापारासाठी परवाने सक्तीचे केले. लोक ब्रिटनकडे निघाले, तर १९६८ मध्ये ब्रिटिश संसदेने अवघ्या तीन दिवसांत कायदा करून आपल्याच पारपत्रधारकांची वाट अडवली. युगांडात १९७२ साली इदी अमीनने आशियाईंना देश सोडायला ९० दिवस दिले.

भारताने मात्र १९८२ मध्ये अनिवासी भारतीयांच्या गुंतवणुकीचे नियम सैल केले. आफ्रिकेत कापडधंद्यात नाव कमावलेल्या भारद्वाज कुटुंबाच्या सनफ्लॅग समूहाने १९८४ मध्ये पोलाद कंपनी स्थापली. १९८९ मध्ये वरठीचा कारखाना सुरू झाला.

इथली प्रक्रिया पाहण्यासारखी आहे. लोहखनिज आणि दगडी कोळसा फिरत्या भट्टीत एकत्र तापवतात. खनिज वितळत नाही. त्यातला प्राणवायू तेवढा निघून जातो आणि मागे उरते जाळीदार, सच्छिद्र लोखंड, म्हणजेच स्पंज आयर्न. ते विजेच्या भट्टीत वितळवून मोटारींच्या सुट्या भागांसाठी लागणारे खास पोलाद तयार होते.

कारखान्याबरोबर रोजगार आला, सनफ्लॅग शाळाही आली. एकेकाळी फक्त धानाच्या हंगामावर नजर ठेवणाऱ्या या परिसराला महिन्याचा पगार मिळू लागला. म्हणूनच स्थलांतराच्या धोरणाचा हिशेब निव्वळ सीमेवर मांडून भागत नाही. किती माणसे आली आणि किती गेली, एवढ्यावर तो संपत नाही. पुढच्या पिढीने कुठे काय उभारले, हेही त्यात धरावे लागते.