कर्जत-खालापूरचा प्लॉट आणि नको असलेले फोन



ट्रॅक्टर काट्याच्या रांगेत उभा असतो, पुढची ट्रॉली सरकते आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजतो. टोळीचा मुकादम असेल म्हणून घाईने उचलावा, तर पलीकडे माणूसच नसतो. मशीन बोलू लागते : कर्जत-खालापूरच्या डोंगरकुशीत फार्महाऊस प्लॉट, मोजकेच शिल्लक, माहितीसाठी एक दाबा. हे कर्जत म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे. घाटाखालचे, मुंबई-पुणे लोहमार्गावरचे, रायगड जिल्ह्यातले. हे फोन बंद कसे करायचे, आणि बंद केले तर कारखान्याचे वजनाचे मेसेजही बंद पडतील का, असे सभासद शेतकी विभागात विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

आधी हे फोन आपल्याकडे का येतात ते पाहू. एक तर यंत्राला आपली ओळख लागत नाही. ते नंबरामागून नंबर फिरवत राहते. पण दुसरेही कारण आहे. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आपल्या नावावर सातबारा आहे, म्हणजे आपण जमीन विकणाऱ्याच्या दृष्टीने सोयीचे गिऱ्हाईक. त्यात खालापूर तालुक्यातून द्रुतगती मार्ग गेलेला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानेही उडू लागली. तेव्हा "भाव वाढणार" हे सांगायला मशीनही पुरते.

मशीन जे सांगत नाही ते महत्त्वाचे. या दोन तालुक्यांत ठाकर, कातकरी यांच्या वाड्या आहेत, आणि आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी मंजुरीशिवाय घेता येत नाही (जमीन महसूल संहितेची कलमे ३६ आणि ३६-अ). माथेरानभोवतीचा पट्टा २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, तिथे बांधकामावर बंधने आहेत. हे विचारायचे कोणाला? मशीनला प्रश्न विचारता येत नाही. एक दाबलं की एवढंच कळतं, हा नंबर चालू आहे आणि माणूस ऐकतोय. मग फोन वाढतात, कमी होत नाहीत.

आता कायद्याकडे वळू. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांनी २००७ साली "फोन नको" म्हणणाऱ्यांची नोंदवही सुरू केली. २०१० साली नियम कडक केले, २०१८ साली पुन्हा नवे आणले. तरी फोन थांबेनात, कारण नोंदणी केलेला विक्रेता नियम पाळायचा आणि बाकीचे साधी सिमकार्डे घेऊन धंदा करायचे. २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांत अशा बिगरनोंदणीवाल्यांविरुद्ध देशभरातून ७ लाख ९० हजारांवर तक्रारी झाल्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ट्रायने कंपन्यांना कारवाईचा आदेश दिला आणि काही आठवड्यांतच पावणेतीन लाखांवर जोडण्या तोडल्या गेल्या. म्हणजे मनावर घेतले तर होते!

फेब्रुवारी २०२५ मध्ये नियमांत जी दुरुस्ती झाली ती मात्र आपल्या खरोखर उपयोगाची आहे. साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरातीचा फोन करणे हाच आता नियमभंग. जाहिरातीचा फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरावरूनच यायला हवा. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या कामाच्या फोनांसाठी १६० ने सुरू होणारे नंबर काढले आहेत. आपोआप नंबर फिरवणारे यंत्र वापरायचे असेल तर ते आधी फोन कंपनीला कळवावे लागते. आणि दहा आकडी नंबरावरून असा फोन आला, तर आपण नोंदवहीत नाव घातलेले नसले तरी तक्रार चालते. पूर्वी तसे नव्हते.

तक्रार सात दिवसांच्या आत करायची. १९०९ या नंबराला फोन लावावा, पैसे पडत नाहीत. ट्रायचे डीएनडी नावाचे ॲपही आहे. कोणत्या नंबरावरून फोन आला, कोणत्या तारखेला, आणि विषय काय, एवढे सांगितले की पुरे. तक्रारीचा क्रमांक मिळतो तो जपून ठेवावा. एकाच विक्रेत्याविरुद्ध दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या माणसांच्या तक्रारी आल्या, तर फोन कंपनीने पाच दिवसांत कारवाई करायची आहे. पहिल्या वेळी त्याचे जाणारे फोन पंधरा दिवस बंद. पुन्हा केले तर सर्व कंपन्यांकडच्या त्याच्या सगळ्या जोडण्या एक वर्षासाठी तोडायच्या आणि नाव काळ्या यादीत. फोन कंपनीने अशा फोनांची आकडेवारी दडवली, तर तिलाही दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत भुर्दंड आहे.

पाच माणसे म्हणजे काही फार नव्हे. एका गावात एकाच दिवशी पंचवीस जणांना तोच आवाज ऐकू येतो, पण सगळे शिवी हासडून फोन ठेवतात. पारावर बसल्या बसल्या पाच जणांनी १९०९ लावला तर काम होते.

वजनाच्या मेसेजांची काळजी नको. नोंदवहीत नाव घातल्याने फक्त जाहिराती अडतात. वजन, बिल, बँकेतली जमा हे येतच राहते. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असते ते पाहावे : पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. आणि सगळ्याच जाहिराती नको असतील असेही नाही. खते-बियाण्यांची माहिती हवी आणि जमिनीची नको, अशी विषयवार निवडही १९०९ वर करता येते.

कोणाला खरोखरच प्लॉट घ्यायचा असेल तर हरकत नाही, पण आधी महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. पाचशे चौरस मीटरवरच्या प्रकल्पाला नोंदणीशिवाय जाहिरात करता येत नाही, आणि नोंदलेला करारनामा होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. सातबारा व फेरफार स्वतः काढून पाहावेत. फोनवरच्या गोडीवर इसार देऊ नये.

या नियमांना मर्यादा आहेत हेही सांगितले पाहिजे. परदेशातून इंटरनेटवरून येणारे फोन त्यात नीट सापडत नाहीत. अमेरिकेत ध्वनिमुद्रित फोनांविरुद्ध १९९१ पासून कायदा आहे, तरी तिथले लोकही अजून वैतागलेलेच आहेत. जाहिरात नसून फसवणूक वाटली, कोणी ओटीपी मागितला किंवा "तुमचे खाते बंद होणार" म्हणाला, तर ती माहिती सरकारच्या संचार साथीवरील "चक्षू" या सोयीत द्यावी. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करावा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवून धरता येण्याची शक्यता जास्त.

१९०९ आणि १९३० हे दोन्ही नंबर साध्या बटणांच्या फोनवरूनही लागतात, त्यासाठी स्मार्टफोन लागत नाही.