नोटेशन वाचण्याआधी पद्धत बघा

बंदिशीचं नोटेशन हाती आलं की लगेच गायला बसू नका. ते भातखंडे पद्धतीचं आहे की पलुस्कर पद्धतीचं, हे आधी बघा. भातखंड्यांकडे स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्करांकडे तेच टिंब मंद्र सप्तकाचं, आणि तार सप्तकाला वर उभी रेघ! म्हणजे पद्धत ओळखण्यात गफलत झाली, तर तार षड्जाचा मंद्र षड्ज होतो. समेचंही तसंच: एकीकडे फुली, दुसरीकडे १ चा आकडा.

आज जास्त चालते ती भातखंडे पद्धत. त्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या ६ भागांतल्या बंदिशी वाचता येणं ही केवढी मोठी दौलत आहे!

या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते आणि व्हॉट्सॲपवर टाईप करताना नेमकी तीच गळते. मग भैरवातले रे आणि ध शुद्ध दिसतात आणि नवशिका तसेच घोकतो. म्हणून शक्यतो पानाचा स्वच्छ फोटो पाठवा. टाईपच करणार असाल, तर वर राग, ताल, पद्धत आणि ‘रे, ध कोमल’ एवढं जरूर लिहा.