उलटं फिरणारं चाक

दिरांनी लेकासाठी आणलेलं रेडिओ कंट्रोल गाडीचं किट आमच्या माळ्यावर दोन वर्षं पडून होतं. तामिया या जपानी कंपनीचं, टीटी-०२. खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाचं. लेकानं पहिली पिशवी फोडली आणि दहावी आली! दिवाळीच्या साफसफाईत खोकं हाती लागलं तेव्हा हे म्हणाले, ‘‘देऊन टाक कुणाला तरी.’’ मी ते वस्तीतल्या आमच्या अभ्यासिकेत नेलं.

तिथे मुलीच जास्त. मी पडले बी. ए. मराठी! स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा तो मिक्सरपुरता. पण पुस्तिकेत सगळी चित्रंच. स्क्रू खऱ्या मापात काढलेले. आपला त्यावर ठेवायचा, जुळला की तोच. ग्रीस लावायचं तिथे ट्यूबचं चित्र. स्वेटरचा नमुना वाचणाऱ्या बाईला यात अवघड काही नाही.

गाडी अडली ती डिफरन्शियलपाशी. एका डबीत बारकी-मोठी दातेरी चाकं. अशा डब्या दोन, पुढे एक नि मागे एक. हे कशाला, मला कळेना. नववीतली एक अबोल मुलगी म्हणाली, ‘‘काकू, वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळायला लागतं ना, म्हणून. रिक्षात पण असतं. बाबांच्या गॅरेजात उघडलेलं बघितलंय मी, लांबून.’’

‘‘लांबून का गं?’’

‘‘आत दादा बसतो. मला नाही बसू देत.’’

डब्या मग तिनंच भरल्या.

फजिती माझी झाली. पुढची चाकं वळवते ती सर्व्हो मोटर. ती, रिमोट, बॅटरी हे वेगळं विकत आणावं लागलं. सर्व्होचा दांडा बसवण्याआधी रिमोट नि गाडी चालू करून ती मध्यावर आणायची असते. चित्रात होतं, पण मी घाईत तसाच ठोकून दिला. गाडी सुटली ती उजवीकडे वळून थेट पाण्याच्या पिंपावर! पोरी हसून लोळल्या. सगळं पुन्हा उघडलं.

वरचं कवच पारदर्शक प्लॅस्टिकचं, रंग आतून द्यायचा. गडद आधी, फिका नंतर. ग्लास पेंटिंग केलेल्या बायकांना हे सांगायला नको.

रविवारी मी त्या मुलीबरोबर गाडी घेऊन गॅरेजात गेले. वडिलांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडी उलटी केली. मागचं एक चाक बोटानं फिरवलं. दुसरं उलटं फिरलं. पुन्हा फिरवलं. हात पुसत त्यांनी लेकीला विचारलं, ‘‘ग्रीस कुणी भरलं?’’

‘‘मी.’’

‘‘जास्त झालंय,’’ म्हणाले, आणि पायानं स्टूल तिच्याकडे सरकवलं.