२१८ हर्ट्झवरची ठेच

कोल्हारच्या चौकात, नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला, थोडा वेळ नुसते कान उघडे ठेवून उभं राहावं. उसाच्या ट्रॅक्टरांची धडधड, रसवंतीच्या चरकाचे घुंगरू, एसटीचा हॉर्न, आणि या सगळ्यातून वाट काढत मागे सरकणाऱ्या एखाद्या टेम्पोची बारीक किणकिण. ती किणकिण म्हणजे पुष्कळदा बेथोवेनचं 'फ्युर एलिझे' असतं. १८१० साली पियानोसाठी लिहिलेली ही रचना प्रवरेच्या काठी पोचली ती रिव्हर्स हॉर्नमधून.

हॉर्नमध्ये, दाराच्या बेलमध्ये, उघडताच गाऊ लागणाऱ्या वाढदिवसाच्या कार्डात बसणाऱ्या अशा चिपांपैकी आपल्याकडे सगळ्यांत ओळखीची म्हणजे यूएम-६६. तीन पायांची, ट्रान्झिस्टरच्या आकाराची. तिच्या पोटात ६४ सुरांना जागा, दोन छोट्या सेलवर चालणारी, आणि एका वेळी एकच सूर काढणारी. तिची निर्माती तैवानची यूएमसी. याच कंपनीने आणखी एक चिप बनवली, यूए-६५२७. नव्वदच्या दशकात आपल्याकडे पिवळ्या कॅसेटींचे जे टीव्ही गेम आले, त्यातल्या अनेकांच्या पोटात ही चिप किंवा तिची भावंडं होती. जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या 'फॅमिली कॉम्प्युटर'मधल्या रिको कंपनीच्या चिपची ती नक्कल. गावोगावच्या पोरांनी 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' खेळताना ऐकलेलं संगीत हे त्या चिपचं गाणं होतं. आज जगभर छंद म्हणून, हट्ट म्हणून, अशाच जुन्या चिपांवर नवं संगीत रचलं जातं. त्याला चिपट्यून म्हणतात.

एक गंमत इथेच सांगितली पाहिजे. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचा, आपला ५० वेळा. गेममधलं संगीत चित्राच्या ठोक्यावर चालायचं. त्यामुळे आपल्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रांवर 'मारिओ'ची धून मूळ लयीच्या पाच-षष्ठांश वेगाने वाजायची. शिवाय काही नकली चिपांत तरंगाचे दोन आकार एकमेकांच्या जागी गेलेले असत, म्हणून आवाजाचा पोतही निराळा. कोजी कोन्दो यांनी १९८५ साली बांधलेली ती चाल आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने विलंबित आणि वेगळ्या गळ्यातून ऐकली, आणि तीच मनात पक्की झाली.

ही चिप गाते कशी, हे समजून घेताना मला अजूनही थक्क व्हायला होतं. तिच्यात ध्वनिमुद्रण नाही म्हटलं तरी चालेल. ती फक्त मोजते. मूळ चिपचं घड्याळ सेकंदाला १७,८९,७७३ ठोके देतं. तुम्ही तिला एक संख्या द्यायची. ती त्या संख्येपासून शून्यापर्यंत उलटं मोजते, शून्याला पोचली की विजेचा तरंग एक पायरी पुढे ढकलते, आणि पुन्हा मोजायला लागते. २५३ ही संख्या दिली की ४४० हर्ट्झचा सूर मिळतो, म्हणजे पेटीवरची पांढरी सहा. संख्या मोठी दिली की सूर खाली, लहान दिली की वर. संगीताचं गणिताशी नातं आहे असं आपण नेहमी म्हणतो. इथे मोजणीचाच सूर होतो.

अशा पाच वाटा तिच्याकडे आहेत. दोन चौकोनी तरंगाच्या, एक त्रिकोणी तरंगाची, एक नुसत्या खरखरीची आणि एक अगदी छोटे ध्वनीचे तुकडे वाजवणारी. चौकोनी तरंगाला आवाजाच्या १६ पातळ्या आहेत. त्रिकोणी तरंगाला एकही नाही, तो असतो किंवा नसतो. खरखर मात्र अद्भुत आहे. एका १५ घरांच्या रांगेतले शून्य-एक सरकवत सरकवत ती तयार होते आणि ३२,७६७ पावलांनंतर पुन्हा पहिल्यापासून येते. कानाला ती पावसासारखी अथांग वाटते. एक कळ फिरवली की तीच रांग ९३ पावलांत फिरून येते आणि खरखरीचा धातू होतो. त्यातून टाळ काढता येतात. त्रिकोणी तरंग झपकन खाली घसरवला की पखवाजाच्या डाव्या तोंडाच्या जवळ जाणारी घुमार मिळते. सप्ताहातल्या भजनाचा ठेका या यंत्रावर बसवता येतो, आणि तो बसला की झालेला आनंद सांगता येत नाही.

मग वैताग कुठे आहे? पहिला वैताग सगळ्यांनाच येतो. तीन स्वर एकत्र हवे असतील तर वाटा पुरत नाहीत, म्हणून एकाच वाटेवर तीन स्वर आळीपाळीने, सेकंदाला पन्नास-साठ वेळा बदलत वाजवायचे आणि कानाला फसवायचं. खेळासाठी लिहीत असाल तर नायकाने उडी मारली की उडीचा आवाज तुमची एक वाट हिसकावून घेतो आणि तेवढ्या वेळापुरता एक सूर गळतो. हे सगळं सोसता येतं. आपल्या संगीतावर वाढलेल्या माणसाची खरी अडचण स्वर आणि स्वर यांच्या मधल्या जागेत आहे.

आधी वरच्या सप्तकाचं पाहू. खालच्या सुरांसाठी संख्या मोठी असते, त्यामुळे ती एकने बदलली तर सूर केसभर हलतो. वर जाऊ तशी संख्या लहान होत जाते आणि एकचा फरक मोठा होत जातो. ३५२० हर्ट्झ हवे असतील तर चिप ३४९६ देते किंवा एकदम ३६०८, मधलं काही नाही. हे अंतर अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून जरा जास्तच. श्रुतींच्या हिशेबात सर्वांत लहान अंतर म्हणजे साधारण २२ सेंट, एका अर्ध्या स्वराचे शंभर सेंट धरले तर. गणित मांडलं की दिसतं, १४०० हर्ट्झच्या वर हे अंतरही या चिपला दाखवता येत नाही. तिथून पुढे श्रुती संपतात.

पण गाणं बहुतेक त्याच्या खालीच असतं, आणि मला सगळ्यांत जास्त छळलं ते तिथेच.

सुराची संख्या ११ अंकी असते, द्विमान पद्धतीतली. चिपच्या एका कप्प्यात मात्र आठच अंक मावतात. म्हणून उरलेले तीन वरचे अंक दुसऱ्या कप्प्यात ठेवलेत. आपण ९९ वरून १०० वर जाताना शतकाचं घर बदलतं, तसं इथे दर २५६ ला दुसऱ्या कप्प्यातला अंक बदलतो. आणि नियम असा की, दुसऱ्या कप्प्याला हात लावला की चौकोनी तरंग जिथे असेल तिथून उचलून पहिल्या पायरीवर आणून ठेवला जातो. तरंग मध्येच तुटतो. कानाला ऐकू येते 'टक्'.

वेगवेगळे सूर वाजवताना ही टक् खपून जाते, उलट नव्या सुराला आघात मिळतो. मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकताना, ती लपत नाही. आता या सीमा नेमक्या कुठे पडतात ते पाहा: ४३७ हर्ट्झ, २१८ हर्ट्झच्या किंचित वर, १४६ च्या किंचित खाली, १०९ च्या जरा वर. काळी चारला षड्ज धरला तर तो सुमारे २०८ हर्ट्झचा. त्याचा कोमल ऋषभ २२० च्या आसपास. म्हणजे सीमा या दोघांच्या मध्ये, ऋषभाच्या पायाशी. षड्जावरून निघालेली कुठलीही मींड ही सीमा ओलांडल्याशिवाय कोमल ऋषभावर पोचूच शकत नाही. तारसप्तकातही तेच, तिथे ४३७ आडवं येतं.

आणि राग भैरव असेल तर? भैरवाचा प्राण त्याच्या आंदोलित ऋषभात. तो ऋषभ उभा राहत नाही, खालून वर, वरून खाली संथ झुलतो. ते आंदोलन जरा खोल घेतलं की प्रत्येक झोक्याला सीमा ओलांडली जाते. जाताना टक्, येताना टक्. पहाटेचा तो गंभीर स्वर टाइपरायटरवर वाजतोय असं वाटतं. इतक्या साऱ्या सुरांत नेमकी इथेच भिंत असावी, याचा राग येतो. आणि दोन अनोळखी गणितं अशी एका बिंदूवर भेटली याचं नवलही वाटतं. आपल्याकडच्या नकली चिपचं घड्याळ थोडं मंद, म्हणून तिची सीमा २१६ च्या जवळ सरकते. ऋषभ तरीही सुटत नाही.

त्रिकोणी तरंगाला हा शाप नाही. त्याचा वरचा कप्पा बदलला तरी तरंग आपल्या जागी चालू राहतो, मींड लोण्यासारखी सरकते. पण त्याला लहान-मोठा आवाज नाही. म्हणजे चौकोनी तरंगावर भैरव गावा तर श्वास आहे पण ठेच लागते, आणि त्रिकोणीवर गावा तर ठेच नाही पण श्वासही नाही. ऋषभ हळूच उमलावा आणि विरून जावा, हे एका वाटेवर सरळपणे होतच नाही.

हा झगडा महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, पेशाने डेप्युटी कलेक्टर. पेटीच्या बारा पट्ट्यांत आपले स्वर बसत नाहीत हे त्यांच्या कानाला सोसवेना. मोजमापं घेत ते बसले. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गायकाचा कान त्यांच्या मदतीला होता. १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. साताऱ्याला न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले आणि बारापेक्षा जास्त स्वरांची श्रुती-हार्मोनियम लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून बनवून घेतली गेली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या श्रुतींवर कडाक्याचे वाद झाले. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवरच बंदी घातली, ती सुमारे तीन दशकं टिकली. तक्रार तीच होती: या वाद्यात मींड नाही, आंदोलन नाही. त्याच काळात आपल्या संगीत नाटकांत आणि भजनी मंडळांत पेटी मात्र गातच राहिली, कारण वादकांनी तिच्या बंद पट्ट्यांतूनही मींडेचा भास काढण्याची हातोटी मिळवली.

चिपच्या बाबतीतही असंच झालं. या चिपमध्ये सूर आपोआप वर-खाली घसरवणारी एक छोटी यंत्रणा आहे, गोळी सुटल्याचे किंवा कुणी कोसळल्याचे आवाज काढण्यासाठी दिलेली. ती घसरवताना अकराही अंक आतल्या आत बदलते आणि तरंगाला धक्का लावत नाही. छंदिष्टांच्या हे लक्षात आलं. सीमेपाशी पोचलं की आधी संख्या अगदी काठावर आणायची, या यंत्रणेकडून तिला क्षणभर पलीकडे ढकलून घ्यायचं, आणि लगेच खालच्या कप्प्यात हवे ते अंक भरायचे. टक् नाहीशी होते. ज्यांनी ही यंत्रणा रचली त्यांच्या डोक्यात मींड नव्हती. वर्षानुवर्षं त्या चिपशी बोलत बसलेल्यांना ती तिच्यात सापडली. मला हे कुठल्याही मोठ्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

अर्थात ही युक्ती करायला चिपची भाषा यावी लागते. नवख्याने आपल्या गवयांचा रस्ता धरावा. गवई पट्टी ठरवतो ती गळा पाहून. इथे चिप पाहून ठरवायची. षड्ज काळी चारवरून काळी दोनवर आणला की तो १५६ हर्ट्झच्या जवळ येतो आणि कोमल ऋषभ १६५ च्या. दोघांच्या मध्ये एकही सीमा नाही. पंचम आणि कोमल धैवत यांच्या मध्येही नाही. भैरवाचे दोन्ही आंदोलित स्वर मोकळे होतात.

फॅमिट्रॅकर आणि फॅमिस्टुडिओ ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि साध्या, जुन्या कॉम्प्युटरवर चालतात. गावात पेटी शिकणारं कुणी असेल आणि घरात कॉम्प्युटर असेल, तर तेवढं सामान पुरे. आधी काळी चारवर ऋषभ झुलवून ती टक् स्वतःच्या कानांनी ऐका. मग षड्ज काळी दोनवर न्या आणि भैरव मांडा. मध्यमावरून पंचमावर मींड घेताना मात्र जपा, २१८ त्या दोघांच्या मध्ये आहे.